वाचक विचारतात : क्युबाची पदकं येतात कुठून?

प्रश्न : आमच्या तालुक्यात निवासी क्रीडाशाळा काढायचं घाटतंय. बैठकीत जो तो क्युबाचा दाखला देतो. एवढ्याशा देशानं 1992 साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये 14 सुवर्णपदकं मिळवली, ती अशा शाळांच्याच जोरावर ना?
– क्रीडाशिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : शाळांच्या जोरावर, पण त्या मधली पायरी आहेत. 1961 साली ‘इंदेर’ ही सरकारी क्रीडासंस्था निघाली, पुढच्याच वर्षी व्यावसायिक खेळ बंद झाला. मुलं हेरायचं काम शाळेतला पगारी क्रीडाशिक्षक करतो. निवडलेली मुलं प्रांताच्या ‘एइदे’ शाळेत जातात : अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सराव. पुढे ‘एस्पा’ ही वरच्या पायरीची क्रीडाशाळा, मग राष्ट्रीय संघ. या सगळ्याला धार येते ती राष्ट्रीय शालेय स्पर्धांमुळे. वसतिगृह बांधलं आणि वर्षभराच्या स्पर्धाच ठरवल्या नाहीत, तर ती नुसती खानावळ होईल.

निवड फसते ती बारा-तेराव्या वर्षी. लवकर वयात आलेला मुलगा तेव्हा सगळ्यांना हरवतो आणि दोन-तीन वर्षांत बाकीचे त्याला गाठतात. म्हणून दर तीन महिन्यांनी अनवाणी उभं करून उंची मोजा, तारीख घालून लिहा, शेजारी जन्मतारीख ठेवा. उंची झपाट्यानं वाढत असेल तेव्हा उड्यांचा सराव कमी करा, गुडघे तेव्हाच दुखायला लागतात. आणि त्या काळातल्या निकालावरून कुणाला घरी पाठवू नका.

खेळ पक्का करायचीही घाई नको. क्युबाचा धावपटू अल्बेर्तो ह्वांतोरेना आधी बास्केटबॉल खेळायचा. पोलिश प्रशिक्षक झाबिएर्झोव्स्की यांनी त्याला विशीच्या सुमारास ट्रॅकवर आणलं, आणि 1976 साली माँट्रियलला त्यानं 400 आणि 800 मीटर, दोन्ही शर्यती मारल्या.

प्रश्न : मग आता पदकं का आटली?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पॅरिसला 2024 साली दोनच सुवर्णं आली, खरं आहे. सोव्हिएत संघ 1991 साली कोसळला, त्याची मदत थांबली आणि खुराकापासून दौऱ्यांपर्यंत सगळ्याला कात्री लागली. त्यात पगार तुटपुंजे. अथेन्सला सुवर्ण जिंकलेले तीन बॉक्सर 2006 साली देश सोडून गेले. 2008 च्या बीजिंगमध्ये क्युबाला बॉक्सिंगचं एकही सुवर्ण मिळालं नाही. व्यावसायिक बॉक्सिंगला परवानगी मिळायला 2022 उजाडलं. आमच्या मते ती निदान पंधरा वर्षं आधी द्यायला हवी होती.