पूर्ण किंमत, की त्याहूनही जास्त?

प्रश्न: वय 29, हिंजवडीत नोकरी, हातात 68,000 येतात. वाकडला घरभाडं 19,000, गावी 10,000, एसआयपी 8,000. वर्षभरात पीएस5 वर (सोनीचा प्लेस्टेशन 5, गेम खेळायचं यंत्र) नऊ नवे गेम घेतले, प्रत्येकी 4,999 ला. बायको म्हणते, सेल लागेपर्यंत थांब. माझा हिशोब असा की एक गेम 62 तास खेळलो, म्हणजे तासाला 80 रुपये पडले. मल्टिप्लेक्समध्ये अडीच तासांचे 350 जातात. मग पूर्ण किंमत देण्यात चूक काय? दिवसाला तासभर मिळतो खेळायला; सोबत खेळलेल्या तासांची यादी जोडतोय. (क्रेडिट कार्डावर 18,000 बाकी आहे, मिनिमम भरतो.)

उत्तर: कंसात टाकलेली ओळ खरं तर सगळ्यात वर यायला हवी होती, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कार्डाची बाकी पूर्ण भरली नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. गेम घेतला त्या दिवसापासून मीटर चालू. बऱ्याच कार्डांवर हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. तुमच्या 18,000 वर महिन्याला साधारण 743 रुपये नुसते व्याजात चाललेत, म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन गेम. तुम्ही विचारताय पूर्ण किंमत द्यावी का, आणि देताय त्याहून जास्त.

आता यादी. पाठवलीत ते उत्तम केलंत. लोक पगार सांगतात, पण तास सांगत नाहीत. 62, 48, 35, 15, 12, आणि मग 4, 3, 2, 1. एकूण 182 तास, खर्च 44,991. तासाला 247 रुपये पडले. तुमच्याच तिकिटाचा हिशोब तासाला 140 होतो, त्यामुळे थिएटर स्वस्त पडलं (पॉपकॉर्न धरला नाही, ते वेगळं दुखणं आहे). शेवटचे चार गेम मिळून 19,996 रुपये आणि दहा तास. तासाला दोन हजार! 80 रुपयांचा आकडा खोटा नाही, पण तो नऊतल्या सगळ्यात चांगल्या गेमचा आहे.

मी हसत नाहीये. अप्पा बळवंत चौकातून हौसेनं आणलेली आणि पहिल्या वीस पानांत खूण अडकलेली पुस्तकं माझ्याकडे एक कप्पा भरून आहेत.

वहिनींचं म्हणणं मात्र अर्धंच पटतं. सेलमध्ये पाच उचलून एकच खेळलात तर ढीग तोच, फक्त स्वस्तात रचलेला. थांबण्याचा खरा फायदा वेगळा आहे. सायबरपंक 2077 हा गेम आठवतो? डिसेंबर 2020 मध्ये आला तो इतका अडखळत, की दहा दिवसांच्या आत सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले. जून 2021 मध्ये तो परत आला, मोठी डागडुजी सप्टेंबर 2023 पर्यंत चालली. ज्यांनी सगळ्यात आधी पैसे मोजले, त्यांच्या वाट्याला सगळ्यात कच्चा गेम आला. म्हणून डाउनलोड करायच्या गेमची प्री-ऑर्डर, म्हणजे तो येण्याआधीच खरेदी, कधीच करू नका. तो काही दुकानात संपत नाही.

तुमचा पीएस5 डिजिटल, म्हणजे डिस्क न घेणारा, असेल तर आणखी एक. 2021 मध्ये तो भारतात आला तेव्हा डिस्कवाला 49,990 ला होता, डिजिटल 39,990 ला. तेव्हा दहा हजार वाचायचे, पण डिजिटलवर खेळून झालेला गेम विकता येत नाही. डिस्क निदान कुणाला तरी अर्ध्या किमतीत देता येते. पीसीवर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत देतं; प्लेस्टेशन स्टोअरवर एकदा डाउनलोड सुरू केलं की सहसा विषय संपला. तुमचा तो एकाच तासाचा गेम स्टीमवर परत करता आला असता.

पूर्ण किंमत कधी द्यावी? मित्रांची टोळी त्याच आठवड्यात खेळणार असेल तेव्हा. सहा महिन्यांनी तो गेम स्वस्त होईल, पण मित्र दुसरीकडे गेलेले असतील. किंवा छोट्या स्टुडिओचा असेल तेव्हा. 2020 मध्ये आलेला राजी आपल्या पुण्याच्याच नोडिंग हेड्स गेम्सचा. तिथे पूर्ण पैसे द्यायला माझा हात आखडत नाही. आणि निन्टेंडोचे स्वतःचे गेम फारसे उतरतच नाहीत, तिथे वाट पाहून उपयोग नाही.

तर असं करा. पुढचे चार महिने एकही नवा गेम नाही. एका गेमचे पाच हजार दरमहा मिनिममच्या वर कार्डावर भरा. बाकी शून्य झाली की त्यातले दोन हजार दरमहा वेगळ्या बचत खात्यात गेमसाठी, तीन हजार अडीअडचणीच्या पैशात. वर्षाचे 24,000 होतात: दोन गेम पूर्ण किमतीत, उरलेल्या 14,000 त सेलमधले. एक अट: आधीचा एक तरी पंधरा तास खेळल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. पंधरा तासांचा आकडा मी तुमच्याच यादीतून उचललाय.

दिवसाला तासभर मिळतो म्हणालात ना? चार महिन्यांत यादीतल्या त्या शेवटच्या चार गेमपैकी दोन तरी सहज उरकतील. चार तासांवर सोडलेल्यापासून सुरू करा.