देवावर रागावलो म्हणजे श्रद्धा गेली का?

घरातलं माणूस गेलं की महिन्या-दोन महिन्यांनी हा प्रश्न माझ्याकडे येतो. "मॅडम, देवाचं नावच घ्यावंसं वाटत नाही. पाप तर होत नाही ना?" माळकरी घरातले विचारतात, नमाजी विचारतात, चर्चला जाणारेही विचारतात. इथे सांगते ते एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या गृहस्थांबद्दल, कारण त्यांच्या प्रश्नात आणखी एक गाठ होती. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीचं. रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणं अस्सल कोकणी वळणाचं. शनिवारी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून दुकान बंद. नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "काय शेठ, मारुतीचा वार का?" तेही हसून "हो" म्हणायचे. रोज कोणाकोणाला समजावणार? पूर्वी कोकणात या समाजाला 'शनवार तेली' म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी थांबायचा. 1948 मध्ये इस्रायल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबं हळूहळू इस्रायलला गेली. गावात यांचं धरून दोनच घरं उरली होती.

आई अर्धांगवायूनं बराच काळ अंथरुणाला खिळली होती. ती गेल्यावर सात दिवसांचा शोक पाळला. पण मुलानं आईसाठी 11 महिने म्हणायची कद्दीश प्रार्थना अडली. कद्दीशला मिन्यान लागतं, म्हणजे 13 वर्षांवरचे 10 यहुदी पुरुष. दोन घरांत 10 कुठून आणायचे? दफनाच्या दिवशी ठाणे, पनवेल, अलिबागहून लोक आले होते, तेवढ्यापुरतं झालं.

"आणि खरं सांगू का," ते म्हणाले, "10 जण नाहीत याचं आत कुठेतरी बरंच वाटलं. कद्दीशमध्ये मरणाचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती. आईचे हाल डोळ्यांसमोर असताना कसली स्तुती करू? आता मी यहुदी तरी उरलोय का?"

भेटायला आलेल्यांनी भर घातलीच होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मागच्या जन्मीचे भोग, फिटले एकदाचे." इस्रायलमधला चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "तिथेच राहिलात ना, मग माणसं कुठून मिळणार?" दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण सांत्वनाच्या नावाखाली कारणं पुरवणारी माणसं दुःखात फार महागात पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी यहुदी नाही. त्यांच्या धर्माचा निवाडा मी करणार नव्हते. मी त्यांना बायबलमधल्या इयोबाविषयी विचारलं, देवभक्त असूनही ज्याच्यावर संकटांमागून संकटं कोसळली. सोशिक इयोब त्यांना ठाऊक होता. पुढच्या भेटीला ते आईचं मराठी बायबल घेऊन आले आणि आम्ही तिसरा अध्याय वाचला. त्यात इयोब आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. पुढे कितीतरी पानं तो देवाला जाब विचारतो. मित्र मात्र त्याला पटवत राहतात, तुझंच काही चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही इयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो.

ते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "म्हणजे काकू आणि आमचा भाऊ!" आणि चक्क हसले. त्याच मित्रांनी सुरुवातीला एक गोष्ट बरोबर केली होती, हे मी दाखवलं. सात दिवस, सात रात्री ते नुसते जमिनीवर त्याच्याजवळ बसले होते. शोकात बसलेला बोलेपर्यंत भेटायला आलेल्यानं बोलू नये, हा यहुदी रिवाज त्यांनीच मला सांगितला.

राग असा मोकळा झाल्यावर खरी गाठ दिसली. 'यहुदी उरलोय का' हा प्रश्न आईच्या मरणाच्या आधीपासूनचा होता. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या यहुदीपणावर तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लग्नांच्या बाबतीत शंका घेतली. आंदोलनं झाली, तेव्हा कुठे 1964 मध्ये तिथल्या सरकारनं ते पूर्ण यहुदी असल्याचं ठामपणे मान्य केलं. हे किस्से ऐकतच हे गृहस्थ मोठे झाले. इथे शाळेत मुलं विचारायची, "तुम्ही ख्रिश्चन की मुसलमान?" जन्मभर दुसऱ्यांना पुरावे देणारा माणूस दुःखात स्वतःकडेही पुरावा मागतो. प्रार्थना म्हणवत नाही, म्हणजे पुरावा हरवला.

म्हणून प्रार्थना बाजूला ठेवून मी विचारलं, "या महिन्यात काय काय केलंत?" शुक्रवारी संध्याकाळी बायकोनं दिवे लावले, त्यांनी शनिवारी दुकान उघडलं नाही, दारावरच्या मेझुझाला (चौकटीवर लावलेली, धर्मवचनं असलेली डबी) जाता-येता हात लावला. "ते आपोआप होतं हो," ते म्हणाले. मी म्हटलं, "तेच विचारतेय."

कद्दीश एकट्यानं म्हणायचं नसतं, पण बायबलमधली स्तोत्रं वाचायला कोणाची गरज नाही. त्यांनी 88 वं स्तोत्र निवडलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. "हे म्हणवतं मला," ते म्हणाले.

झोप सुधारली. भूक परत आली. (हे मी नेहमी विचारते. झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेलेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा, श्रद्धेचं नंतर बघू.) देवावरचा राग मात्र गेलेला नाही आणि तो घालवायचं उद्दिष्ट आम्ही ठेवलंही नव्हतं. सध्या ते आईच्या वर्षश्राद्धाच्या तयारीला लागले आहेत. ठाणे, पनवेल, अलिबाग असे फोन चालू आहेत. आठ जणांनी हो म्हटलंय. ते स्वतः नववे. पनवेलच्या एका दूरच्या मामांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी गाडी पाठवायचं ठरतंय.