मुलीला सिरॅमिकचं वेल्डिंग शिकायचंय

सप्रेम नमस्कार,

आपण वास्कोला जहाजांच्या कामावर वेल्डर आहात, मुलगी बारावी सायन्सला. ‘प्रचंड उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकचं वेल्डिंग’ हाच विषय घेणार म्हणून ती हटून बसलीय. आपण विचारता, चिनी माती कधी वेल्ड होते का, आणि झालीच तर त्यावर पोट भरतं का?

होते, पण ती चिनी माती नव्हे. उदाहरणार्थ, झिर्कोनियम डायबोराइड हे सिरॅमिक. हे साधारण 3,200 अंश सेल्सिअसला वितळतं आणि धातूसारखी वीज वाहून नेतं, म्हणून त्यावर आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, धरता येतो. जाड प्लेटला आपण आधी प्रीहीट देता आणि सांधा सावकाश निवू देता, नाहीतर तडा जातो. इथेही तेच, फक्त प्रीहीट हजार अंशांच्या वर आणि सगळं काम निष्क्रिय वायूत.

सांधा बसला तरी भागत नाही. वितळून पुन्हा गोठलेल्या भागातले कण मोठे होतात, छिद्रं राहतात, आणि सांध्याची ताकद बहुधा मूळ तुकड्यापेक्षा कमी भरते. पोलाद ताण आल्यावर थोडं वाकून सावरतं, सिरॅमिक तसं सावरत नाही. त्यातला सर्वांत घातक दोष ताकद ठरवतो. चिवटपणा तेवढाच राहून दोष चौपट लांब झाला, तर ताकद निम्म्यावर येते. म्हणून एखादा नमुना तपासून चालत नाही. 3 बाय 4 मिलिमीटरच्या पट्ट्या डझनांनी मोडायच्या आणि प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून तडा नेमका कुठून निघाला ते शोधायचं. आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या यानांच्या टोकदार कडांसाठी हा खटाटोप चाललाय. मुलीची निवड मला मनापासून आवडली.

आता पोटाचं. निव्वळ या विषयावर बी.टेक.नंतर लगेच नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही. हे काम प्रयोगशाळांचं, त्याला एम.टेक. लागतं, बऱ्याचदा पीएच.डी.ही. खर्चाची धास्ती मात्र घेऊ नका: गेट या प्रवेश परीक्षेतून एम.टेक.ला गेल्यास दरमहा 12,400 रुपये मिळतात, आणि पीएच.डी.ची कनिष्ठ फेलोशिप 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे.

राउरकेलाच्या एनआयटीत सिरॅमिक इंजिनिअरिंगची वेगळी शाखा आहे. तरी पहिल्या पदवीला मी मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, सुचवेन, कारण पुढे मन बदललं तर पोलाद, जहाजं, वाहनं अशी सगळी दारं उघडी राहतात. त्यासाठी सुरतकलची एनआयटी बघा. मडगावहून कोकण रेल्वेने थेट जाता येतं. तिथे तिला परराज्याच्या कोट्यातून जागा मिळवावी लागेल, तेव्हा जेईई मेनच्या दोन्ही फेऱ्यांना बसवा. ते नाही जमलं, तर गोव्यातच फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल घेऊन गेटमार्गे मटेरियल्सकडे वळता येतं. त्यात वर्ष वाया जात नाही.

घरापासून दूर धाडायला तिच्या आईचं मन धजत नाही, असं लिहिलंय. अर्ज भरण्याआधी तिघं मिळून एकदा सुरतकलला जाऊन मुलींचं वसतिगृह बघून या, आणि मगच पर्यायांचा क्रम लावा.