कंपनीच्या सर्किट बोर्डसाठी स्वतःचा एसडीके (बोर्डवर प्रोग्रॅम लिहायला लागणारा कोड आणि टूल्सचा संच) काढायचाय, पहिलं रिलीज आणि नंतरचे अपडेट कसे करावेत?

तुम्ही म्हणताय की बोर्ड तयार आहे, ड्रायव्हर चालतायत, आता ग्राहकांना कोड द्यायचाय, पण दर महिन्याला काहीतरी नवीन येणार आणि त्यात त्यांचं चालू असलेलं बिल्ड तुटेल ही भीती आहे. भीती अगदी बरोबर आहे. मी फर्मवेअरमध्येच (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) काम करतो, दुसऱ्यांचे एसडीके वापरलेत आणि आतल्या बाजूनेही काम केलंय, आणि माझं मत एकच आहे: कोड अपलोड करायच्या आधी एक व्हर्जन किती काळ सांभाळणार ते ठरवा आणि लिहून जाहीर करा. कारण तुमचा ग्राहक मीटर बनवणार, पंपाचा कंट्रोलर बनवणार, तो कुठेतरी शेतात नाहीतर भिंतीवर लागणार आणि वर्षानुवर्षं तिथेच राहणार, त्याला तुम्ही उद्या सकाळी नवीन व्हर्जनवर या म्हणून सांगू शकत नाही.

एस्प्रेसिफचं बघा, ईएसपी३२ ही वायफाय चिप बनवणारे, कंपनी शांघायची पण पुण्यातही ऑफिस आहे. त्यांच्या ईएसपी-आयडीएफ या एसडीकेचं कुठलंही मेजर (मोठे बदल) किंवा मायनर (छोटी भर) रिलीज ३० महिने सांभाळलं जातं, पहिले १२ महिने बगफिक्स नियमित येतात आणि नंतरचे १८ महिने फक्त गंभीर आणि सिक्युरिटीचे. म्हणजे प्रॉडक्ट बनवणारा माणूस कॅलेंडर समोर ठेवून ठरवू शकतो की कधी उडी मारायची. तुम्ही ३० महिनेच द्या असं नाही, तीनचार जणांची टीम असेल तर एका वेळी दोन ब्रांचपेक्षा (कोडच्या वेगळ्या सांभाळलेल्या शाखा) जास्त सांभाळायचं वचन देऊच नका, पण जे द्याल ते पाळा.

मेजर बदल कसा करायचा हे शिकायला त्यांचं ५.० व्हर्जन वाचा, डिसेंबर २०२२ मध्ये आलं. जुनी मेक वाली बिल्ड सिस्टीम (कोडपासून बायनरी बनवणारी) काढली, एनक्रिप्शनची लायब्ररी एम्बेड टीएलएस ३ वर नेली, आणि ३२ बिट इंटिजरचा टाइप इंटवरून लाँग झाला, त्यामुळे प्रिंटएफमध्ये परसेंट-डी (इंट छापायची खूण) लिहिलेल्या ओळींवर कंपायलर अडायला लागला. बराच त्रास होता, पण तो मेजर व्हर्जनमध्ये आला, मायग्रेशन गाइडमध्ये विषयवार लिहिलेला होता, आणि टायमर-एडीसीचे जुने ड्रायव्हर एका झटक्यात न काढता वॉर्निंग देऊन चालू ठेवले. झेफिर या छोट्या उपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही तोच नियम आहे, स्टेबल एपीआय (बाहेरच्यांनी वापरायची फंक्शन्स) आधी डेप्रिकेटेड (पुढे काढून टाकणार) म्हणून जाहीर करायचा आणि किमान दोन रिलीज तसाच ठेवायचा. तुम्हीही हेच करा, पॅच रिलीजमध्ये (फक्त दुरुस्त्यांच्या) फंक्शनची सही, म्हणजे त्याचं नाव, इनपुट आणि आउटपुट, कधीच बदलू नका, कितीही छोटी वाटली तरी.

आणि एकदा प्रसिद्ध केलेलं व्हर्जन परत हात लावायचं नाही. एका चिप कंपनीने त्याच लिंकवर, त्याच व्हर्जन नंबरखाली झिप गुपचूप बदलली होती, आमच्या दोन मशीनवर एकाच कोडचं वेगळं बायनरी येत होतं आणि कुणाला कळेना का. टॅग (कोडवरची व्हर्जनची खूण) लावला की तो दगडावरची रेघ, चूक सापडली तर पुढचा पॅच नंबर काढा. टूलचेनही त्यातच धरा, कुठला कंपायलर, कुठलं व्हर्जन, चेकसम (फाइल तीच आहे का हे तपासायचा आकडा) किती, हे रेपोमध्येच (कोडच्या साठ्यात) लिहिलेलं हवं आणि इन्स्टॉल स्क्रिप्टने तेच उतरवलं पाहिजे. "लेटेस्ट जीसीसी टाका" असं रीडमीमध्ये लिहू नका प्लीज.

आता बूटलोडर, म्हणजे बोर्ड चालू होताच ॲप उठवणारा छोटा प्रोग्रॅम, याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं म्हणून जरा जास्त लिहितो. ओटीएने (नेटवरून येणाऱ्या अपडेटने) साधारणपणे फक्त ॲप बदलतं, बूटलोडर आणि पार्टिशन टेबल (फ्लॅश मेमरीचा नकाशा) फॅक्टरीत टाकलेलं तेच राहतं, कारण तिथे मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा मेला. म्हणजे तुमच्या आजच्या एसडीकेने बनवलेलं ॲप तीन वर्षांपूर्वीच्या बूटलोडरवर उठलं पाहिजे, आणि हे टेस्ट करायलाच हवं, टेबलावरच्या नव्याकोऱ्या बोर्डवर नाही तर जुन्या रिलीजने फ्लॅश करून बाजूला ठेवलेल्या बोर्डवर. दुसरं म्हणजे साइज. नवीन टीएलएस, नवीन वायफाय स्टॅक आला की बायनरी काही केबी फुगतं, आणि ग्राहकाचा ओटीए स्लॉट (नव्या ॲपसाठी राखलेली जागा) आधीच काठोकाठ भरलेला असेल तर तो अपडेट त्याच्यासाठी नाहीच. म्हणून प्रत्येक रिलीज नोटमध्ये दोनतीन उदाहरणांचा फ्लॅश आणि रॅमचा आकडा मागच्या व्हर्जनशेजारी द्या, लोक आशीर्वाद देतील.

उदाहरणांवरून आठवलं, लोक डॉक्युमेंटेशन कमी वाचतात आणि एक्झाम्पल फोल्डरच कॉपी करून त्यावर प्रॉडक्ट उभं करतात, त्यामुळे प्रत्येक एक्झाम्पल प्रत्येक कमिटला (कोडमध्ये नोंदलेल्या प्रत्येक बदलाला) बिल्ड झालं पाहिजे आणि रिलीजच्या आधी खऱ्या बोर्डवर चाललं पाहिजे. तसंच इन्क्लूड पाथमध्ये (कंपायलर शोधतो त्या फोल्डरांत) जे हेडर (फंक्शनच्या घोषणांची फाइल) दिसेल ते लोक वापरणारच, आतलं असेल तर प्रायव्हेट फोल्डरमध्ये पहिल्याच दिवशी हलवा.

तुमचा ग्राहक युरोपात माल विकत असेल तर सायबर रेझिलियन्स ॲक्टकडेही (डिजिटल मालाच्या सुरक्षेचा युरोपीय कायदा) बघा, मुख्य नियम ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतायत आणि त्यातली काही भेद्यता (सुरक्षेतल्या त्रुटी) कळवायची जबाबदारी ११ सप्टेंबर २०२६ पासूनच. तो तुमच्याकडे येऊन विचारणार की या एसडीकेमध्ये कुठल्या लायब्ररी, कुठली व्हर्जन आणि कुठलं लायसन्स, तर ती यादी स्क्रिप्टने बनवून रिलीजबरोबरच द्यायला लागा.

दर महिन्याच्या प्रश्नाचं उत्तर: पॅच महिन्याला खुशाल काढा, मायनर वर्षातून दोनदा पुरे, आणि मेन ब्रांचवरून प्रॉडक्ट बनवू नका हे रीडमीच्या पहिल्या ओळीत लिहा.