नॅनोपोअरमध्ये एकच प्रोटीन पकडून ओळखता येतं म्हणजे नेमकं काय?

सांगलीत बी.एस्सी. बायोटेक करताय आणि विचारताय, की छिद्रच असेल तर प्रोटीन निसटून जाणार नाही का? जातं ना. म्हणूनच छिद्र पारखून, बदलून घ्यावं लागतं. नॅनोपोअर म्हणजे पातळ पडद्यातलं काही नॅनोमीटर रुंदीचं छिद्र. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी असतं आणि व्होल्टेज दिलं की छिद्रातून आयनांचा करंट वाहतो.

ही छिद्रं मुळात जिवाणूंची विषं, म्हणजे पेशीच्या पडद्याला भोक पाडणारी प्रोटीनं. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या अल्फा-हिमोलायसिन या विषाच्या छिद्रातून १९९६ साली डीएनए ओढून दाखवला गेला. पण त्याची अरुंद जागा जेमतेम १.४ नॅनोमीटर, घडी घातलेलं प्रोटीन तिथून जाणं शक्यच नाही. इथे सायटोलायसिन-ए हे दुसरं जिवाणू-विष कामाला येतं. तोंड सुमारे ६ नॅनोमीटर, बुडाशी ३.३. प्रोटीन वरून शिरतं आणि खाली अडकतं.

त्याला आत ओढतं कोण? मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. पोकळीच्या भिंतीवर ऋण भार असतो. व्होल्टेज दिलं की धन आयन जास्त वाहतात आणि सोबत पाणीही ओढून नेतात. या प्रवाहात ऋण भाराचं प्रोटीनसुद्धा विद्युतबलाच्या उलट दिशेने आत येऊ शकतं. भिंतीवरची अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) बदलून ही ओढ कमी-जास्त करता येते.

प्रोटीन आत बसलं की आयनांची वाट अडते आणि पिकोअँपिअरमधला (अतिसूक्ष्म) करंट एकदम पडतो. किती पडला आणि किती वेळ पडून राहिला, यावरून ओळख पटते. त्याला एखादा छोटा रेणू चिकटला तर पातळी पुन्हा सरकते. प्रोटीनं वेगळी करायच्या तुमच्या जेलवरच्या पट्ट्यात अब्जावधी रेणूंची सरासरी दिसते, इथे एकाच रेणूचं वागणं दिसतं.

रक्तात मात्र हजारो प्रोटीनांची गर्दी असते, त्यामुळे मिरजेच्या दवाखान्यांत अशी रक्तचाचणी लगेच येईल असं समजू नका.