श्वासनलिकेच्या ऑपरेशननंतर ती पुन्हा अरुंद होते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की अपघातानंतर यजमान व्हेंटिलेटरवर होते, पुढे श्वासनलिका अरुंद झाली, बलूनने रुंद करून घेतली आणि थोड्याच दिवसांत जिना चढताना पुन्हा दम लागायला लागला. आता डॉक्टर मोठं ऑपरेशन सुचवतायत, तर त्यानंतरही हेच होईल का?

मी इंदूरचाच, रामबागेतला. दोन्हींतून गेलोय.

बलूननंतर परत होण्यात नवल नाही. व्हेंटिलेटरच्या नळीचा फुगा आतल्या अस्तरावर जास्त दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम भरताना व्रण आवळत जातो. बलून तो व्रण ताणतो, काढत नाही. अडथळा पातळ पडद्याएवढाच असेल तर एक-दोनदा करून भागतंही. पण तो लांब असेल, नळीला आधार देणारी कूर्चाच (मऊ, लवचिक हाड) ढासळली असेल, तर पुनःपुन्हा बलून करत बसण्यात अर्थ नाही, असं माझं मत.

मोठ्या ऑपरेशनमध्ये खराब तुकडा कापून दोन टोकं जोडतात. अनुभवी सर्जनकडे दहातल्या नऊ जणांना चांगला गुण येतो. कारण न सापडणाऱ्या प्रकारावर (तो जवळजवळ फक्त बायकांनाच होतो) 2020 मध्ये 810 रुग्णांचा अभ्यास आला होता. दुर्बिणीतून रुंद केलेल्यांपैकी 28 टक्के जणींना पुन्हा प्रक्रिया लागली, कापून जोडलेल्यांपैकी 1.2 टक्के. यजमानांचा प्रकार वेगळा, आकडे जसेच्या तसे लावू नका, पण कल कळतो. स्वरयंत्राला लागून कापावं लागलं तर आवाज मात्र जाडा होऊ शकतो, हे आधीच विचारून ठेवा.

जोडावर ताण येऊ नये म्हणून माझी हनुवटी टाक्याने छातीकडे बांधून ठेवली होती, आठवडाभर. मान वर करायची सोयच नाही. भेटायला कोण आलंय ते मी चपलांवरून ओळखायचो. दुखण्यापेक्षा त्या अवघडलेपणानेच जास्त वैताग आला.

जोड बिघडायची भीती कुणाला जास्त? मधुमेह असलेल्यांना, चारेक सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडा काढावा लागतो त्यांना, आधी हेच ऑपरेशन झालेल्यांना, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक) असलेल्यांना. म्हणजे यजमानांना साखर असेल तर ती आधी ताब्यात आणा, सकाळची पोहे-जिलेबी काही दिवस विसरा.

आणखी एक. दम लागला की कुणीतरी दमा म्हणून इन्हेलर देतं. मलाही बरेच दिवस दिला होता. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना वाजते. इथे श्वास आत घेताना घरघर येते. तसा आवाज बसल्या जागी यायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

हे ऑपरेशन सर्रास होत नाही. सर्जनला सरळ विचारा, अशी किती केलीत? अरुंद भाग स्वरतंतूंपासून किती खाली आहे, लांबी किती, स्वरतंतू नीट हलतात का, हेही विचारा. मी अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाऊन दुसरं मत घेतलं होतं. जायचं ठरलं तर सीटी स्कॅनची सीडी आणि ब्राँकोस्कोपीचा (दुर्बिणीने श्वासनलिका आतून बघतात त्याचा) व्हिडिओ बरोबर न्या, नुसत्या रिपोर्टवर तिथे कुणी काही सांगत नाही.