पानाचा फोटो म्हणजे टॅबवरचं पुस्तक नव्हे

अगं, सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीचं गणिताचं पुस्तक पीडीएफ करून टॅबवर टाकलं की झालं, असं समजू नकोस. मीही आधी तेच केलं होतं. ७ इंची पडद्यावर पोरं दोन बोटांनी पान ताणत बसली. अंश दिसतोय तर छेद गायब! समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नकोस, मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबवर गणित लिहायच्या खुणांच्या भाषेत लिही. अक्षर कितीही मोठं केलं तरी ते फाटत नाही, आणि दृष्टिहीन मुलाला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, ते वाचूनही दाखवू शकतो. काम किचकट आहे, म्हणून आधी एकच प्रकरण घे. त्रिकोणाची आकृती आणि तिच्यावरचं उदाहरण एकाच पडद्यावर हवं. उत्तरं झाकलेली ठेव. आणि भागाकार वहीतच करू दे. काचेवर बोटाने बाकी मांडताना ओळी तिरक्याच जातात.